उपाशी ठेवलेली बॅटरी

अण्णा, तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळदा भांडले, पण कागदावर कधी काही उतरवलं नाही. लिहिलेलं पुराव्यासारखं राहतं, असं तुम्हीच म्हणायचात. आज लिहिते आहे त्याला कारण तुमच्या मोटरसायकलची ती बॅटरी. तिचं काय झालं हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी आपण दोघं त्यावर सरळ एक वाक्य बोललो नाही.

संशय हा आपल्या घरातला जुना भाडेकरू. तो कुठून आला ते तुम्हीच सांगायचात. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सात वर्षं झाली होती, तुम्ही अठरा वर्षांचे, आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये तुम्हाला चिकटवलं होतं. तिथं चाचा आधीपासून होते, निजामाच्या काळापासून. छातीएवढ्या उंचीच्या काचेच्या टाक्या, त्यात शिशाच्या प्लेटी, आणि हवेत तो घसा खाजवणारा वास. ॲसिडला चाचा तेजाब म्हणायचे, म्हणून तुम्हीही जन्मभर तेजाबच म्हणालात. त्या वर्षांत कोण कोणाकडे कसं बघत होतं ते तुम्ही आम्हाला कधी उलगडून सांगितलं नाही. एवढंच सांगायचात, की चाचांना वाटायचं हा पोरगा आपल्यावर नजर ठेवायला बसवलाय, आणि तुम्हाला वाटायचं हा म्हातारा आपल्याला चुकीचं शिकवून घालवून देणार. मग चाचांनीच तोड काढली. "मियाँ, रीडिंग तुम भी लेव, मैं भी लेतूँ. अलग अलग लिखेंगे, बाद में मिलाएंगे. मेरेकू तुमपे भरोसा नै, तुमकू मेरेपे नै. अच्छाच है, बॅटरी सलामत रहेगी." काचेची नळी तेजाबात बुडवायची, वरचा रबरी फुगा दाबून सोडायचा, आतला काटा कुठल्या आकड्यावर तरंगतो ते बघायचं. रोज सकाळी दोघं पाठमोरे उभं राहून आपापला आकडा लिहायचे. तीस वर्षं आकडे जुळत राहिले, आणि तीस वर्षं तुम्ही पाठमोरंच लिहीत राहिलात. त्याला तुम्ही दोस्ती म्हणायचात, आणि एकमेकांना मियाँ. मला लहानपणी ते चमत्कारिक वाटायचं. आता नाही वाटत.

चाचांची मुलगी आणि मी एका वयाच्या. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी एक्स्चेंजच्या मागच्या पायरीवर बसायचो, आत यायला बंदी होती. तुम्ही दोघं बाहेर यायचात तेव्हा शर्टांना बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई ती भोकं रफू करताना म्हणायची, ह्यांच्या अंगावर चाळणी आहे की सदरा. आईला त्या मोटरसायकलचाही राग होता, कारण रविवारी सकाळी ती गाडी तुम्हाला आमच्या आधी लागायची.

त्या रविवारांची मला अजून सवय आहे. पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल टाकून तुम्ही बसता, मी पाना हातात घेऊन उभी. "आधी कोणती वायर?" "बॉडीची." "का?" "दुसरी आधी सोडली आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते." मग सुटलेल्या वायरच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून तिची गाठ मारायची, म्हणजे ती हेलकावून परत चिकटत नाही. बॅटरी बाहेर काढायची. टोकांवर पांढरंनिळं काही साचलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, पण आधी तिन्ही बुचं घट्ट आहेत ना ते बघायचं, सोडा आत गेला तर संपलं. कोरडं झालं की व्हॅसलीनचा हात. पाणी फक्त बाटलीतलं, नळाचं नाही, आणि प्लेटी बुडतील इतकंच. मग काटा. तीन सेल, तीन आकडे. बाराशे साठ आला की तुम्ही मान हलवायचात. बाराशेच्या खाली गेला की तुमचा चेहरा घरात कोणी आजारी पडल्यासारखा व्हायचा. "गाडी पळवल्यानं बॅटरी मरत नाय," तुम्ही सांगायचात, "उभी ठेवल्यानं मरती. लोकं दिवाळीला गाडी लावत्यात अन् संक्रांतीला किक मारत्यात, अन् मग कंपनीला शिव्या देत्यात. उभी असली तरी ती आतल्या आत रिकामी व्हत असती. पंधरा दिवसाला तिला बघितलंच पाहिजे. हळू चार्जिंग द्यायचं, रात्रभराचं काम असलं तर रात्रभर. घाईनं दिलेलं तिच्या अंगी लागत नाय." फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं सगळे मेकॅनिक म्हणायचे. तुमचा त्यावरही विश्वास बसला नाही. एक जुनी बॅटरी तुम्ही वर्षभर फरशीवर आणि दुसरी फळीवर ठेवून पाहिलीत, आणि दोन्ही सारख्याच उतरतात हे पदमपुऱ्यातल्या दोन मेकॅनिकांना मुद्दाम जाऊन सांगून आलात.

अठराव्या वर्षी मी म्हणाले, मला गाडी शिकवा. तुम्ही म्हणालात, आधी बॅटरी शीक. मी बॅटरी शिकले. मग म्हणालात, पाय पुरत नाहीत. पुढं गाडीचा विषयच निघाला नाही. बॅटरी मात्र माझ्याकडेच राहिली.

नोकरीही मला अशीच लागली, संशयाची. वीज कार्यालयात मीटर तपासायचं काम. लोक मीटर कसं मंद करतात, सील कसं उघडून परत लावतात, हे शोधून काढायचं. तुम्हाला फार अभिमान होता. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचात, हिला फसवणं अवघड आहे. लग्नाचं जमलं नाही, त्याचंही खापर एकदा माझ्या ह्याच गुणावर फोडलंत, पण प्रेमानं. आई गेली, तुम्ही रिटायर झालात, चाचा गेले, आणि त्या घरात आपण दोघं उरलो.

मग तुमच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. समोरचं नीट दिसतं आणि बाजूचं जातं, माणसाला स्वतःला कळत नाही. कळलं ते क्रांती चौकात, जेव्हा डावीकडून आलेली केळ्यांची गाडी तुम्हाला दिसलीच नाही. गाडीवाला वाचला, केळी रस्ताभर झाली, तुमचा गुडघा फुटला. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, आता चालवायची नाही. तुम्ही मला शब्द दिलात, "चालवणार नाय." किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. तुम्ही फक्त म्हणालात, "बॅटरीकडं मी बघत जाईन. तू आता कामातनं कुठं वेळ काढतीस."

वर्षभर मी त्यावर विश्वास ठेवला. मग एका रविवारी शेडमध्ये काहीतरी शोधायला गेले आणि सहज बॅटरीची बुचं काढून काटा लावला. तिन्ही सेल बाराशे साठ. मला बरं वाटलं, अण्णा, खरंच बरं वाटलं. मग नजर फळीवरच्या चार्जरकडे गेली. तुम्ही स्वतः बनवलेला तो लाकडी डबा. त्याच्या वायरवर धूळ होती, आणि डब्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं. जुनं, भरलेलं जाळं, त्यात वाळलेल्या माश्या. चार्जरला कित्येक महिने कोणी हात लावलेला नाही आणि बॅटरी काठोकाठ भरलेली. उभ्या गाडीची. मी तिथं पाना हातात घेऊन उभी राहिले आणि मला तेच वाटलं जे एखाद्या बंगल्यात चार कूलर चालू दिसतात आणि मीटर मात्र रांगत असतं तेव्हा वाटतं. बॅटरी चार्जरनं भरत नसेल तर एकाच गोष्टीनं भरत असणार. गाडी पळत होती.

मी तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मला तुम्हीच शिकवलं होतं, की विचारल्यावर माणूस सांगतो ते रीडिंग नव्हे. मी गाडीच्या मीटरवरचा आकडा पाठ केला. पंधरा दिवसांनी तो बासष्ट किलोमीटरनं वाढलेला होता. पुढच्या पंधरा दिवसांनी पुन्हा बासष्ट. मागच्या चाकावर मी खडूची बारीक रेघ ओढून ठेवली. सोमवारी होती, मंगळवारी संध्याकाळी नव्हती. म्हणजे मंगळवार. किल्ली माझ्या पर्समध्ये, म्हणजे दुसरी किल्ली. संध्याकाळी चहा पिताना मी सहज विचारलं, "आज दिवसभर काय केलंत?" "पेपर वाचला. झोपलो." तुम्ही माझ्याकडे बघून सांगितलंत. तुमच्या पायजम्याच्या मोहरीला काळ्या मातीचा शिंतोडा होता. आपल्या गल्लीत काळी माती नाही.

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ रिक्षा उभी करून आत बसून राहिले. साडेनऊच्या सुमारास तुम्ही गाडी ढकलत मागच्या बोळातून बाहेर आलात, पायी. मला वाटलं, आता बसतील आणि किक मारतील. तुम्ही थांबलात. शहर बसमधून एक बाई उतरली. अंगात पंजाबी ड्रेस, तोंड डोळ्यांपर्यंत ओढणीनं बांधलेलं, हातात निळा डबा. तिनं डबा तुमच्या हातात दिला, गाडीवर टांग टाकली, एका किकमध्ये गाडी चालू केली. आणि तुम्ही मागं बसलात. डबा मांडीवर घेऊन.

रिक्षावाला म्हणाला, "क्या करूँ मॅडम, पीछे लेऊँ?" मी हो म्हणाले. स्टेशनाकडून छावणीच्या बाजूनं नगर नाक्यापर्यंत मी तुमच्या मागं आले. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा माझी रिक्षा तुमच्यापासून दोन ट्रक मागं होती. ती काहीतरी बोलली आणि तुम्ही हसलात. आई गेल्यावर तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग गाडी वाळूजच्या रस्त्याला लागली, रिक्षावाला पुढं यायला नाही म्हणाला, आणि मी परत फिरले.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते तुम्हाला लिहून दाखवण्याची लाज वाटते. साठीचा बाप, तोंड बांधलेली बाई, दर दुसरा मंगळवार, दुसरी किल्ली, खोटी उत्तरं. मी सगळे तुकडे जुळवले आणि ते एकाच बाजूला जुळत गेले. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी दुसरं एक होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नसतं. ती गाडी चालवत होती. जी गाडी मला पाय पुरत नाहीत म्हणून मिळाली नाही, ती चालवत होती.

त्या रविवारी तुम्ही देवळात गेलात तेव्हा मी शेडमध्ये गेले, बॅटरी काढली, पिशवीत घालून सोमवारी ऑफिसात नेली. तेवढंच केलं असतं तर त्याला काळजी म्हणता आली असती. पण टेस्टिंगच्या टेबलावर मी तिला एक बल्ब जोडला आणि तो मंद होऊन विझेपर्यंत दिवसभर समोर ठेवला. ही तुम्हाला सापडली तरी उपयोगाची राहू नये, एवढा एकच विचार होता. मग ती रिकामी बॅटरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारली. रिकामी ठेवलेली बॅटरी आतून पांढरी पडत जाते, प्लेटींवर खार धरतो, पुन्हा भरत नाही, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. एप्रिल महिना होता. ऑफिसचं छप्पर पत्र्याचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात आणि भाकरी मोडता मोडता म्हणालात, "बॅटरी कोणी तरी काढली."

"कोणती?" मी म्हणाले.

"गाडीची. चोर शहाणा हाय. बॉडीची वायर आधी सोडली त्यानं. अन् टोकाला पट्टी बांधून गाठ मारली." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "चोर माझ्याच हाताखाली शिकलेला दिसतो."

"उभ्या गाडीला बॅटरी लागते कशाला?" मी म्हणाले.

तुम्ही पाणी प्यायलात. "जिथं असंल तिथं असू दे तिला," तुम्ही म्हणालात, "पण उपाशी ठेवू नको म्हणावं. मरती ती."

तरी मी बॅटरीला चार्जिंग लावलं नाही. ऑफिसात जाऊन लावणं दोन मिनिटांचं काम होतं. कपाट उघडताना रोज ती दिसायची. मी तिच्यासमोर फायली रचल्या. मला वाटत होतं, आज ना उद्या तुम्ही कबूल कराल. तुम्हालाही तेच वाटत असणार. तुम्ही नवी बॅटरी आणली नाहीत, ह्याचं मला नवल वाटायचं. पुढं विचारलं तर म्हणालात, "नवी आणली असती तर चोराला वाटलं असतं, आपल्याला गरज नाय." पाच आठवडे आपण एका घरात, एका चुलीवरचं खात, एकमेकांच्या कबुलीची वाट बघत राहिलो. तुमच्या मंगळवारांचं काय होतंय हे मी पाहिलं नाही. गाडी उभी आहे, एवढ्यानं माझं समाधान झालं होतं.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी मी ऑफिसातून येऊन चहा टाकत होते, तेव्हा दारात रिक्षा थांबली. आधी ती उतरली, तोंड बांधलेली. मग तिच्या खांद्याला धरून तुम्ही. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, सदऱ्याची बाही कापलेली, कपाळावर माती. मी दारातच उभी राहिले, पुढं झाले नाही. तिनं तुम्हाला खुर्चीत बसवलं आणि ओढणी सोडली. चाचांची मुलगी होती.

"अगं, बघत काय उभी, पाणी दे काकांना," ती मला म्हणाली, जणू आम्ही कालच त्या पायरीवरून उठलो होतो.

मग तिनं सगळं सांगितलं, भराभर, तिची सवय तीच. ती नर्स झाल्याचं मला माहीत होतं, पण गंगापूरच्या अलीकडच्या दोन खेड्यांत लसीकरणाचं काम तिच्याकडे आलंय हे माहीत नव्हतं. जीप फाट्यापर्यंतच जाते, पुढं शेतांमधल्या पांदीनं चालत जायचं, तोवर बायका शेतावर निघून जातात आणि डब्यातला बर्फ वितळतो. गाडी तिला चाचांनीच शिकवली होती, एक्स्चेंजच्या आवारात, ती कॉलेजात असताना. पण तिच्या सासरी कळलं असतं तर नोकरी सुटली असती, म्हणून तोंड बांधून यायची. "काकाच म्हणाले, माझी उभी हाय ती ने. पण एकटी जाऊ देईनात. म्हणाले, शब्द दिलाय चालवणार नाय म्हणून, मागं बसणार नाय असा नाय दिला." ती हसली. "मागं बसतात आणि डोळे मिटून घेतात. म्हणतात, आवाजावरून सांगतो गाडी कशी चाललीये." मग ती गंभीर झाली. "बॅटरी गेल्यापासून जीपनंच जातो. आज पांदीत पाण्याची चारी ओलांडताना काकांना कडा दिसली नाही. मी म्हणत होते, तुम्ही येऊ नका. ऐकतात का?"

मी विचारलं, "बॅटरी गेल्यापासून म्हणजे?"

"अगं, मेली ना ती. काकांच्याच हातनं. पाणी घालायचं राहिलं म्हणे, उन्हाळ्यात प्लेटी उघड्या पडल्या. मी तर थक्क झाले. अब्बा म्हणायचे, मियाँच्या हाताखाली बॅटरी मरायला घाबरते. वय झालं म्हणायचं, दुसरं काय!"

तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसला होतात. चहा उतू गेला तो मी पुसत राहिले.

ती गेल्यावर मी तुमच्यासमोर बसले. "तिला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर ती ह्या दारात पुन्हा आली नसती. तिच्यापायी घरात भांडण लागलं असं धरून बसली असती." मग थोड्या वेळानं, "तुझ्याबी दारात आली नसती. तुला दुसरं हाय कोण?"

"मला आधीच का नाही सांगितलं?"

"तुला टोचलं असतं."

मला जे विचारायचं होतं ते तेव्हा बाहेर आलं. चौतीस वर्षांची बाई मी, आणि आवाज अठराव्या वर्षातला. "मला का नाही शिकवलीत गाडी?"

तुम्ही प्लास्टरवर डावा हात ठेवलात. "भीती वाटायची."

"चाचांना नाही वाटली?"

"त्यालाबी वाटायची. लई वाटायची. मला सांगायचा. तरी त्यानं शिकवली. मियाँ माझ्यापेक्षा मोठा माणूस व्हता."

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी घरी आणली. कुठून आणली ते तुम्ही विचारलं नाहीत. तिन्ही बुचं काढली तेव्हा आत प्लेटींवर साखर भुरभुरल्यासारखं पांढरं दिसत होतं. चार्जरवरचं जाळं मीच झाडलं. तुम्ही स्टुलावर बसून सांगत होतात, मी करत होते. हळू, अगदी हळू चार्जिंग, तीन दिवस. दोन सेल थोडे उठले. तिसऱ्यात काटा तळाशी गेला तो वर आलाच नाही. तुम्ही विचारलंत, "किती दिवस रिकामी व्हती?"

"चार दिवस," मी म्हणाले.

चाळीस वर्षं प्लेटी बघितलेला माणूस. तो पांढरा थर किती दिवसांचा असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तुम्ही नळी मागितली नाहीत, वाकून बघितलं नाहीत. "चार," तुम्ही म्हणालात, आणि मान हलवलीत. दुसऱ्याचं रीडिंग न पडताळता तुम्ही मान्य केलेलं मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

नवी बॅटरी मी आणली. तुमचं मनगट वाकडं जुळलं, त्या हातात नळी धरवेना. म्हणून दर दुसऱ्या सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी शेडमध्ये बसायचे आणि तुम्ही दारात उभं राहून विचारायचात, "किती?" मी आकडा सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "बरं." तेवढंच. मी खरेच आकडे सांगत होते, अण्णा, पण तुम्ही एकदा तरी येऊन बघावं असं मला वाटायचं. तुम्ही आला नाहीत. हा विश्वास होता की शिक्षा, हे मला अजून ठरवता येत नाही. मंगळवारी ती यायची, एका किकमध्ये गाडी चालू व्हायची, तुम्ही डावा हात तिच्या खांद्यावर ठेवून मागं बसायचात. तिची बदली होईपर्यंत, दीड वर्षं. एकदा ती मला म्हणाली, चल, तुला शिकवते. मी म्हणाले, आता कुठं. ती हसून म्हणाली, घाबरतेस. खरं होतं ते.

तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा भेटायला आलेल्या माणसांत बसून ती तुमच्याबद्दल बोलत होती, डोळे पुसत, मधूनच हसत. "काकांच्या हातनं आयुष्यात एकच बॅटरी मेली," ती म्हणाली, "तीसुद्धा म्हातारपणी, विसरले बिचारे." तुमच्या एक्स्चेंजमधले दोघं जुने सोबती तिथं बसले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तुमच्या नावाला लागलेला तेवढा एकच डाग, आणि तो त्या माणसांसमोर लागला ज्यांना त्याचा अर्थ पुरता कळत होता. मी तिथंच बसले होते. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं.

आणि तरी, अण्णा, मनातली गोष्ट सांगते, मला तुमच्यावरही संशय येतो. माझ्यासाठी खोटं बोललात असं तुम्ही म्हणालात. पण तुम्हाला हे नक्की ठाऊक होतं, की अशा खोट्यानं मी जन्मभर बांधली जाईन. जाणूनबुजून तर नाही ना केलंत? माझ्या हातात एक न भरणारा सेल देऊन गेलात, आणि पंधरा दिवसांनी त्याच्याकडे बघणं आलंच. की मीच पुन्हा धुळीवरून आणि जाळ्यावरून काहीतरी जुळवते आहे? तुम्ही नुसते दमलेले असाल, हात दुखत असेल, मुलीची लाज झाकायची म्हणून जे तोंडाला आलं ते सांगून टाकलं असेल.

तीही आता रिटायर झाली आहे. नवरा गेला, मुलगा पुण्याला. शहराच्या पाट्या बदलल्या, पण ती अजून जुन्याच नावानं पत्ता सांगते आणि रिक्षावाले तिला बरोबर आणून सोडतात. दर आठ-पंधरा दिवसांनी येते. तुम्ही म्हणालात तसंच झालं, मला तिच्याशिवाय कोणी नाही. आज दुपारी आली होती. शेजारच्या मुलाची मोटरसायकल महिनाभर उभी राहून बंद पडली होती, तो बाहेर किक मारून घामाघूम झाला होता, आणि ती ओट्यावरून त्याला सांगत होती, "अरे, बॅटरी बघ आधी. आमचे काका एवढे मोठे बॅटरीवाले, त्यांचीसुद्धा एकदा..." मी उठून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं, तरी आत उभी राहिले. ती आत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काकांची आठवण आली?" मी हो म्हणाले.

ती गेल्यावर हे लिहायला घेतलं. आता अंधारायला लागलंय, आणि कागद संपत आलाय. ती पुढच्या बुधवारी परत येणार आहे. तिला मराठी चांगलं वाचता येतं, चष्माही लागत नाही. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला सगळं आधीच माहीत आहे.